दिवाळी घरातली आणि पेढीवरची

आश्विनाचा शेवटचा आठवडा आला की शहापूरची बाजारपेठ सकाळपासूनच भरू लागते. डोळखांब, किन्हवली, खर्डी, कसारा या बाजूंच्या गावांतून माणसे एस.टी.ने, जीपने, दुचाकीने येतात. हळवे भात कापून झालेले असते, गरवे अजून शिवारात उभे असते. हाती थोडा पैसा आलेला असतो आणि बराचसा यायचा असतो. रवा, मैदा, साखर, तेल, पोहे, उटणे, पणत्या, रांगोळी, आकाशकंदील, लेकरांचे कपडे अशी यादी घेऊन गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर उभे राहते. किराणा, कापड, भांडी, सोने-चांदी अशा व्यवसायांतील कुटुंबांचे वर्षाचे गणित बरेचसे या आठ-दहा दिवसांवर ठरते. मुरबाडच्या पेठेतही चित्र वेगळे नसते.

नेमक्या याच दिवसांत जैन घरात प्रभू महावीरांच्या निर्वाण कल्याणकाचे पर्व असते. शाळेला दिवाळीची सुट्टी लागलेली असते, स्वयंपाकघरात सूर्यास्ताच्या आत फराळ उरकण्याची घाई असते आणि घरातील कर्ते पुरुष दुकान सोडू शकत नाहीत. अशा वेळी चार-पाच वर्षांचे लेकरू हाताखाली लुडबुड नको म्हणून दुकानात आणून बसवले जाते. गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून ते सारे पाहत असते. त्याला धड वाचता येत नाही, हिशेब कळत नाही. परंतु आजोबांचा आवाज कोणाशी मऊ होतो आणि कोणाशी चढतो, हे त्याला अचूक कळते. पाठशाळा सुट्टीमुळे बंद असली तरी त्याची एक शाळा या स्टुलावर चालूच असते. दिवाळीच्या संस्कारांचा विचार करताना या दुसऱ्या शाळेचा विचार फार थोड्या घरांत होतो.

दिवा का लावतात

घरातील संस्कारांविषयी जैन कुटुंबे उदासीन नाहीत. परंपरा समृद्ध आहे आणि ती बालकाला सहज समजेल अशी आहे. इ.स. पूर्व 527 मध्ये पावापुरी येथे अमावास्येच्या रात्री प्रभूंचे निर्वाण झाले. त्यापूर्वी सोळा प्रहर, म्हणजे अठ्ठेचाळीस तास, त्यांनी अखंड देशना दिली. उत्तराध्ययन सूत्र ही तीच अंतिम देशना होय, अशी श्वेतांबर परंपरेची श्रद्धा आहे. मल्ल आणि लिच्छवी या गणांच्या प्रत्येकी नऊ, अशा अठरा गणराजांनी त्या दिवशी पौषध केला होता. ज्ञानाचा प्रकाश मावळला, तेव्हा निदान द्रव्याचा प्रकाश तरी करावा, या भावनेने त्यांनी दीप उजळले, असे कल्पसूत्र सांगते. दिगंबर परंपरेत आचार्य जिनसेनांनी शके 705, म्हणजे इ.स. 783 मध्ये रचलेल्या हरिवंशपुराणात ‘दीपालिका’ हा शब्द याच प्रसंगाच्या संदर्भात येतो. निर्वाणाच्या दुसऱ्या दिवसापासून, कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून, वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष सुरू होते.

या कथेतील एक गोष्ट बालमनाला विशेष भिडते. ही दिवाळी विजयाची नाही, वियोगाची आहे. जवळचे माणूस गेले, घर अंधारले आणि मग कोणीतरी उठून दिवा लावला. गणधर गौतमस्वामींना प्रभूंनी त्या वेळी देवशर्मा नावाच्या ब्राह्मणास प्रतिबोध देण्यासाठी दुसऱ्या गावी पाठवले होते. परतताना वाटेत वार्ता कळली आणि एवढे ज्ञानी गौतमस्वामी लेकरासारखे रडले. रडता रडता त्यांच्या मनातील राग गळून पडला आणि पहाटे त्यांना केवलज्ञान झाले. दोन दिवसांनी, प्रभूंच्या वियोगाने व्याकूळ झालेल्या नंदिवर्धन राजाला बहीण सुदर्शनेने आपल्या घरी नेऊन समजावले, जेवू घातले. तीच भाऊबीज. ज्या घरात त्या वर्षी आजी किंवा आजोबा गेले असतील, त्या घरातील लेकराला दिवाळीचा हा अर्थ समजावून सांगावाही लागत नाही.

म्हणूनच अनेक घरांत अमावास्येच्या आधीपासून छठ तप होते, रात्री जप होतो, पहाटे गौतमस्वामींचे स्मरण होते. दिगंबर मंदिरांत निर्वाण लाडू चढवला जातो. चातुर्मास अजून संपलेला नसल्याने फराळात आणि भाजीत संयम असतो. चिवड्यात कांदा-लसूण नसतो, बटाट्याचा कीस नसतो. दिव्यात पतंग पडू नये म्हणून तो काचेच्या हंडीत ठेवला जातो. त्या हंडीवर झाकण ठेवण्याचे काम पाच वर्षांच्या मुलाकडे किंवा मुलीकडे दिले, तर अहिंसेवरील दहा प्रवचनांपेक्षा ते अधिक टिकते. ‘यात किडा पडला तर?’ हा विचार त्या हातांना कायमचा लागतो.

फटाक्यांविषयीही घरात स्पष्टता असते. अग्निकायाचे जीव, जमिनीवरचे कीटक, झाडांवर विसावलेले पक्षी, भेदरून पळणारी कुत्री-गुरे यांना होणारा त्रास लेकराला दाखवता येतो. फटाक्याच्या वेष्टनावरील देवीचे चित्र पायदळी येते आणि अक्षरे असलेला कागद जळून ज्ञानाची आशातना होते, हेही सांगितले जाते. शहापूर तालुक्यात तर याला आणखी एक निमित्त आहे. तानसा अभयारण्याच्या जंगलात रानपिंगळा आढळला आहे. हा छोटा घुबडवर्गीय पक्षी शंभरहून अधिक वर्षे कोणाच्या पाहण्यात नव्हता, नामशेष झाला असे मानले जात होते आणि 1997 मध्ये तो नंदुरबार भागात शहाद्याजवळ पुन्हा दिसला. एवढा दुर्मीळ जीव आपल्या तालुक्यात राहतो, हे कळले की फटाका न फोडण्याचा अभिमान वाटतो, उणीव वाटत नाही.

येथवर सारे ठीक असते. अडचण पुढे आहे.

स्टुलावरून विचारलेला प्रश्न

शहापूरसारख्या पेठेतील एखादे दुकान डोळ्यांसमोर आणावे. कुटुंब जैन, घरात फटाका येत नाही. परंतु दुकानाच्या दर्शनी फळीवर दिवाळीपुरती फुलबाज्या, भुईचक्रे, लवंगी, सुतळी बॉम्ब यांची मांडणी असते. गिऱ्हाईक मागते, म्हणून माल ठेवलेला असतो. स्टुलावरचे लेकरू दिवसभर ते पाहते आणि एखाद्या दुपारी भर गर्दीत विचारते, ‘‘आजोबा, आपण फटाके फोडत नाही ना? मग विकतो कशाला?’’

गर्दी असते. तोंडातून पटकन निघते, ‘‘तो धंदा आहे, बाळा.’’

या चार शब्दांत लेकराला एक मोठा धडा मिळतो. धर्म घराच्या उंबरठ्यापर्यंत असतो आणि उंबरठ्याबाहेर दुसरा नियम चालतो, हे ते शिकते. पुढे पंधरा-वीस वर्षांनी हाच मुलगा वजनात, मापात, बिलात किंवा करात काही वेगळे करू लागला आणि वडीलधाऱ्यांनी त्याला धर्माची आठवण दिली, तर त्याच्याकडे उत्तर तयार असते. कारण ते त्याला पाचव्या वर्षीच मिळालेले असते.

शास्त्रकारांनी ही फट फार पूर्वी ओळखली होती. श्रावकाचा व्यवसाय कसा असावा, याचा विचार उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या अध्ययनात येतो. पुढे आचार्य हेमचंद्रांनी राजा कुमारपालासाठी लिहिलेल्या योगशास्त्रात त्याचा विस्तार केला. श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय, म्हणजे पंधरा कर्मादाने, तेथे सांगितली आहेत. अंगारकर्म, वनकर्म, दंतवाणिज्य, विषवाणिज्य, दवदान अशी ती यादी आहे. त्यातील ‘स्फोटकर्म’ म्हणजे जमीन फोडण्याची, खणण्याची कामे. शब्दसाम्यावरून त्याचा फटाक्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही. फटाक्याचे नाव त्या यादीत नाही. तथापि यादीमागचे तत्त्व स्वच्छ आहे. विष आणि शस्त्र विकणारा स्वतः विष देत नाही, शस्त्र चालवत नाही. तरीही त्याचा व्यापार त्याज्य ठरवला आहे. विकणाऱ्याचा हात वापरणाऱ्याच्या हातापासून वेगळा मानलेला नाही.

श्रावकाच्या व्रतांची रचनाही हेच सांगते. साधू करणे, करवणे आणि अनुमोदन देणे अशा तिन्ही करणांनी त्याग करतात. गृहस्थाला संसारात राहायचे असल्याने त्याचे व्रत सामान्यतः दोन करणांचे असते. त्याने स्वतः करायचे नाही आणि दुसऱ्याकडून करवायचे नाही, मनाने, वाणीने आणि कायेने. शेजाऱ्याने काय करावे, याचा भार त्याच्यावर टाकलेला नाही. परंतु जे आपण करत नाही, त्याचे साधन दुसऱ्याच्या हाती देऊन त्यावर नफा घेणे हे ‘करवणे’ या शब्दापासून किती दूर आहे, हा प्रश्न ज्याचा त्याने शांतपणे विचारायचा आहे. पाच वर्षांच्या लेकराने विचारलेला प्रश्न तोच असतो. त्याला फक्त शास्त्राचे शब्द ठाऊक नसतात.

व्यापाऱ्याची बाजू

या प्रश्नाला केवळ उपदेशाने उत्तर देणे अन्यायाचे होईल. लहान पेठेतील व्यापाऱ्याची अडचण खरी असते. किनारा कमी असलेल्या किराण्याच्या मालापुढे फटाक्याचा नफा मोहक असतो. त्याहून मोठी अडचण गिऱ्हाइकाची. लांबच्या पाड्यावरून आलेला माणूस एकाच दुकानातून सारी खरेदी करून परतीची गाडी पकडू पाहतो. त्याला फटाके मिळाले नाहीत, तर तो शेजारच्या दुकानात जातो आणि तेल, साखर, रवाही तेथेच घेतो. एका वस्तूबरोबर दहा वस्तूंची विक्री जाते, पुढे गिऱ्हाईकही जाते. ‘आपण नाही विकले म्हणून गावात एक फटाका तरी कमी फुटेल का?’ हा युक्तिवादही चुकीचा नाही. बहुधा फुटणार नाही.

अशा स्थितीत कुटुंबांनी तीन वाटा काढलेल्या दिसतात. काही जण माल ठेवतात आणि त्या विषयावर घरात बोलत नाहीत. काही जण स्वतः विकत नाहीत. मात्र दुकानापुढचा ओटा दिवाळीपुरता फटाक्यांच्या स्टॉलला भाड्याने देतात. हात स्वच्छ राहिला, असे मनाला वाटते. परंतु भाडे त्याच गल्ल्यात पडते आणि लेकरू गल्ल्याशेजारीच बसलेले असते. तिसरी वाट अर्थातच माल न ठेवण्याची. तिच्यात पहिल्या वर्षी तोटा निश्चित असतो आणि दुसऱ्या वर्षी थोडा कमी होतो. त्या फळीवर पणत्या, आकाशकंदील, रांगोळीचे साचे, किल्ल्यावर मांडायचे मावळे, मुलांची चित्रांची पुस्तके, मिठाईचे पुडे मांडता येतात. नफा तेवढा होत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे लागते. मग कुटुंबाने तो फरक काढून ठेवायचा आणि त्याला दिवाळीचा खर्च समजायचे. लेकराच्या संस्कारासाठी शिबिराचे शुल्क भरले जाते, तसेच हेही एक शुल्क.

कायद्यानेही हा व्यापार आता पूर्वीइतका सरळ ठेवलेला नाही. फटाके हे स्फोटक पदार्थ असल्याने स्फोटक नियम, 2008 नुसार ते साठवण्यासाठी आणि विकण्यासाठी परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 23 ऑक्टोबर 2018 रोजी दिलेल्या निर्णयात दिवाळीला रात्री 8 ते 10 हीच वेळ ठेवली, कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांनाच मुभा दिली आणि लांब माळांवर बंदी घातली. किराण्याच्या दुकानात, तेलाच्या डब्यांशेजारी आणि लेकराच्या स्टुलापासून चार हातांवर विनापरवाना दारूचा माल ठेवणे, हा धर्माचा प्रश्न होण्यापूर्वीच जिवाचा प्रश्न आहे.

आणखी एक गोष्ट लेकराच्या वयाशी निगडित आहे. देशातील बहुसंख्य फटाके तमिळनाडूतील शिवकाशी भागात तयार होतात. तेथील काडेपेटी आणि फटाका उद्योगांत लहान मुले राबत, या तक्रारीवरून एम. सी. मेहता यांनी दाखल केलेल्या याचिकेचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 10 डिसेंबर 1996 रोजी दिला. धोक्याच्या उद्योगात कामाला ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाने 20,000 रुपये भरावेत आणि ती रक्कम त्या मुलाच्या कल्याणासाठी वापरावी, असा तो आदेश होता. त्यानंतर परिस्थिती पुष्कळ बदलली. तरीही एका लेकराच्या खेळासाठी दुसऱ्या लेकराचे हात दारूत माखत होते, ही हकीकत सहा-सात वर्षांच्या मुलाला सांगितली की फटाक्याची ओढ आपोआप निवळते. त्यासाठी रागवावे लागत नाही.

शेजारच्या मुलांचा तिरस्कार मात्र लेकराच्या मनात उतरता कामा नये. फटाके फोडणारे वाईट आणि आपण चांगले, हा भाव हिंसेचेच सूक्ष्म रूप आहे. दिवाळीत मिसळण्याच्या जागा पुष्कळ असतात. अंगणात सारी मुले मिळून मातीचा किल्ला करतात; शहापूरच्या मुलांना त्यासाठी नमुना शोधायला लांब जावे लागत नाही, माहुलीचे सुळके समोरच दिसत असतात. किल्ला एकत्र करावा, फराळाची ताटे एकमेकांच्या घरी जावीत आणि फटाक्यांच्या वेळी आपले लेकरू आजीच्या मांडीवर गोष्ट ऐकत बसावे. एवढ्याने त्याचे बालपण उणे होत नाही.

कोऱ्या पानावर काय लिहावे

पेढीवरील दिवाळीचा मध्यबिंदू म्हणजे चोपडापूजन. पूर्वी दिवाळीला जुना हिशेब मिटे आणि नवी वही सुरू होई. प्राप्तिकराच्या दृष्टीने 1 एप्रिल 1989 पासून सर्वांचे वर्ष 31 मार्चला संपू लागले आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यानंतर पेढीचा हिशेब संगणकात गेला. आता अनेक दुकानांत लाल वहीशेजारी लॅपटॉपलाही कुंकवाचे बोट लागते. हिशेबाच्या दृष्टीने या वहीची गरज उरलेली नाही. म्हणूनच तिच्या पहिल्या पानावर जे लिहिले जाते, ते आता निव्वळ संकल्प म्हणून उरले आहे आणि त्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे.

त्या पानावर ‘श्री’चा मनोरा रचला जातो आणि परंपरेने काही नावे लिहिली जातात. गौतमस्वामींची लब्धी, बाहुबलींचे बळ, अभयकुमारांची बुद्धी, कयवन्ना शेठांचे सौभाग्य, धन्ना-शालिभद्रांची ऋद्धी मिळो, अशी ती प्रार्थना असते. मोठी माणसे घाईत लिहून मोकळी होतात. शेजारी बसलेले लेकरू विचारते, शालिभद्र कोण?

हा प्रश्न टाळू नये, कारण त्याचे उत्तर खास लेकरासाठीच आहे. शालिभद्राची संपत्ती एवढी होती की खुद्द श्रेणिक राजा ती पाहायला आला. परंतु ती आली कोठून? मागील भवात तो संगम नावाचा गरीब गुराखी मुलगा होता. सणाच्या दिवशी इतरांच्या घरची खीर पाहून त्याने आईकडे हट्ट धरला. घरात काही नव्हते. शेजारणींनी दूध, तांदूळ, साखर दिली आणि आईने खीर केली. ती ताटात निवत असताना मासक्षमणाच्या पारण्यासाठी एक मुनी दारी आले आणि त्या मुलाने सारी खीर आनंदाने त्यांच्या पात्रात घातली. ज्याची ऋद्धी व्यापारी आपल्या वहीत मागतो, तिचे मूळ एका गरीब लेकराने दिलेल्या खिरीच्या वाटीत आहे. ही कथा कळलेले मूल ‘ऋद्धी’ या शब्दाचा अर्थ कधी विसरत नाही.

पुणिया श्रावकाची कथा तिच्या जोडीला सांगावी. एके दिवशी त्याचे मन सामायिकात स्थिर होईना. घरात न्यायाने न मिळवलेले काही आले आहे का, असे त्याने पत्नीला विचारले. वाटेत पडलेली शेणी चुलीसाठी उचलून आणल्याचे तिने सांगितले. एवढ्याशा गोष्टीने ज्याचे सामायिक ढळले, त्याच्या सामायिकाचे मोल प्रत्यक्ष श्रेणिक राजालाही देता आले नाही. शेणीच्या हिशेबाने अस्वस्थ होणारा श्रावक आणि फटाक्याच्या फळीकडे बोट दाखवणारे लेकरू यांचा प्रश्न एकाच जातीचा आहे.

नव्या वहीतील पहिली नोंद अनेक पेढ्यांत शुभ खात्याची किंवा जीवदयेची असते. ती रक्कम लेकराच्या हातून काढावी आणि ती कोठे जाणार, हे त्याला सांगावे. केवळ सांगण्यापेक्षा दाखवता आले तर अधिक चांगले.

ज्ञानपंचमी आणि वीटभट्टी

शहापूर-मुरबाड भागात हे दाखवण्याची संधी दिवाळीनंतर लगेच येते. दिवाळी सरली आणि भाताची कापणी-झोडणी उरकली की पाड्यांवरील कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघतात. महाराष्ट्रातील अतिअसुरक्षित मानल्या गेलेल्या कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींपैकी ही एक. अनेकांनी पावसाळ्यातच भट्टीमालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी पावसाळ्यापर्यंत तेथेच राहावे लागते. आई-वडिलांबरोबर लेकरेही जातात आणि त्यांची शाळा तुटते. ठाणे जिल्ह्यात ‘विधायक संसद’ या संस्थेने 1990 च्या दशकात भट्ट्यांवरील मुलांसाठी ‘भोंगाशाळा’ चालवल्या, त्या याच कारणाने. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. शाळाही तिथेच भरवली गेली.

ही कुटुंबे व्यापाऱ्याला परकी नसतात. दिवाळीच्या आदल्या दिवशी पावशेर तेल आणि अर्धा किलो साखर घेऊन, उरलेले नंतर देतो म्हणणारा माणूस त्यांच्यातलाच असतो. स्टुलावरचे लेकरू तो प्रसंग पाहते. त्याच्याशी आजोबा कसे बोलतात, वहीत किती आकडा टाकतात, माल मोजताना तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत थांबतात की नाही, हे सारे त्याच्या डोळ्यांसमोर घडते. दूरवरच्या पांजरापोळास दान पाठवणारी पेढी समोरच्या माणसाशी कशी वागते, यावर लेकराची दयेची व्याख्या ठरते.

कार्तिक शुद्ध पंचमीला ज्ञानपंचमी येते. त्या दिवशी ग्रंथांची पूजा होते, पाठशाळेत पाटी-पुस्तके मांडली जातात, ज्ञानाची आराधना होते. पाच वर्षांचे लेकरू आपली पाटी आणि पहिले अंकलिपीचे पुस्तक त्यात ठेवते. त्याच दिवशी, किंवा त्या आठवड्यात पाडा सुटण्यापूर्वी, आणखी काही संच तयार करता येतात. पाटी, पेन्सिली, चित्रांचे पुस्तक, दोन वह्या आणि एक पिशवी. शाळेतील गुरुजींना विचारले तर कोणत्या इयत्तेची किती मुले भट्टीवर जाणार, हे ते सांगू शकतात. खर्च फटाक्यांच्या एका फळीच्या नफ्याहून बहुधा कमीच होतो. ही पिशवी लेकराच्या हाताने त्याच्याच वयाच्या मुलाला दिली जावी. उपकाराचा फोटो काढू नये. शाळेचा धागा काही महिने तरी तुटू नये, एवढाच त्यामागचा हेतू असावा. ज्ञानाची आशातना टाळण्यासाठी अक्षरांचा कागद जाळू नये, असे शिकलेल्या लेकराला ज्ञानाची आराधना म्हणजे काय, हे त्या दिवशी कळते.

पर्वाचा शेवट कार्तिक पौर्णिमेला होतो. चातुर्मास पूर्ण होतो, साधू-साध्वींचा विहार सुरू होतो आणि शत्रुंजयाची यात्रा पुन्हा खुली होते. पालीताण्याला जाणे ज्यांना शक्य नसते, ते शत्रुंजयाच्या पटासमोर भावयात्रा करतात. या बाजूची कुटुंबे आसनगाव-शहापूर परिसरातील मानस मंदिरातही दर्शनाला जातात. ज्या आचार्य हेमचंद्रांनी श्रावकाच्या दुकानापर्यंत धर्म आणून ठेवला, त्यांचा जन्मही विक्रम संवत 1145 च्या कार्तिक पौर्णिमेचाच मानला जातो.

लेकराच्या आठवणीत दिवाळी अशाच तुकड्यांनी साठते. हंडीवर ठेवलेले झाकण, मातीचा किल्ला, वहीत लिहिलेले एक वाकडे ‘श्री’, शालिभद्राची खीर, दुसऱ्या मुलाच्या खांद्याला अडकवलेली पिशवी. यांतील एकही गोष्ट खर्चीक नाही. अवघड आहे ती एकच, आणि ती मोठ्यांसाठी आहे. पुढच्या दिवाळीचा माल भरण्याची यादी श्रावणातच तयार होते. त्या यादीवर बसण्यापूर्वी कर्त्या माणसाने स्टुलावरच्या प्रश्नाचे उत्तर ठरवून ठेवावे. लेकरू वर्षभराने मोठे झालेले असते आणि तो प्रश्न ते पुन्हा विचारणार असते.